पाडव्याच्या रात्री पडलेले कडे आणि काही जपानी चित्रमालिका

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या दिवशी रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भात, मध्यप्रदेशात आणि गुजरातच्या काही भागांत लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या प्रकाशरेषांचा एक ताफा पाहिला. उल्का असती तर पापणी लवेपर्यंत विझली असती. हा ताफा मात्र सावकाश, एकामागून एक तुकडे मागे सोडत गेला. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे आणि चाळीस किलोंहून अधिक वजनाचे धातूचे कडे पडलेले आढळले. जवळच्या पवनपार येथे सुमारे अर्धा मीटर व्यासाचा एक गोळा सापडला. अवकाशातील वस्तूंच्या कक्षांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडोवेल यांच्या मते, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष होते.

देवळीपासून सिंदेवाहीचा हा परिसर सरळ रेषेत सुमारे १३० कि.मी. भरतो. एस.टी.ने जायचे म्हटले तर निम्मा दिवस मोडतो. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू हे अंतर साधारण १७ सेकंदांत कापते. हा एक आकडा फळ्यावर लिहिला की ‘अवकाशातील कचरा’ हा विषय वर्गापुरता दूरचा राहत नाही.

याच विषयावर जपानमध्ये एक चित्रमालिका निघाली आहे, आणि तीही लाडबोरीच्या घटनेच्या अठरा वर्षे आधी. तिचे नाव ‘प्लॅनेटिस’. आपल्याकडे जपानी चित्रमालिका म्हटले की मुलांना डोरेमॉन, शिनचॅन आणि पोकेमॉन आठवतात. मोठ्यांना १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा मोगली आठवतो. तो मूळचा निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेचा, हे मात्र फार जणांच्या लक्षात नसते. यापलीकडे या माध्यमात विज्ञानकथांचा मोठा साठा आहे. त्यातील प्रसिद्ध नावे विद्यार्थी आपण होऊन शोधतात. येथे थोडी कमी परिचित, पण विज्ञान शिकवणाऱ्याच्या उपयोगी पडतील अशी काही नावे घेऊ.

आठ चित्रांत एक सेकंद

‘ॲनिमे’ हा ‘ॲनिमेशन’ या शब्दाचा जपानी संक्षेप. निर्जीव चित्रे हलवण्याची कला आपल्याला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगपेटीतल्या काड्या एकेक चौकट टिपून नाचवल्या होत्या. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी वेगळे चित्र काढायचे म्हटले तर २४ मिनिटांच्या एका भागाला ३४,५६० चित्रे लागतील. दर आठवड्याला एवढी चित्रे काढून घेणे कोणालाही परवडणारे नाही.

ओसामु तेझुका यांनी यावर तोड काढली. ते शिक्षणाने डॉक्टर आणि व्यवसायाने चित्रकथाकार होते. १ जानेवारी १९६३ पासून त्यांची ‘तेत्सुवान आतोमु’ (बाहेरच्या जगात ‘ॲस्ट्रो बॉय’) ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. एक चित्र तीन चौकटींपर्यंत तसेच ठेवायचे, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे पुरतात. बोलताना फक्त ओठ हलवायचे, धावताना मागचा देखावा सरकवायचा, आणि एकदा काढलेली चित्रे पुन्हा वापरायची. काटकसरीतून आलेली ही पद्धत पुढे जपानी चित्रमालिकांची शैलीच बनली. वर्गात वहीच्या कोपऱ्यावर चित्रे काढून पाने फरफरवण्याचा खेळ मुले करतातच. तोच खेळ सेकंदाला चोवीस, बारा आणि आठ चित्रे अशा वेगांनी करून पाहावा. डोळा कुठपर्यंत फसतो ते मुलांना स्वतःच कळते.

आतोमु हा यंत्रबालक आहे आणि त्याची ताकद एक लाख अश्वशक्ती सांगितली आहे. हा आकडा मुलांना फार आवडतो. त्याचे वॅट करायला सांगावे. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७३५ वॅट, तेव्हा उत्तर येते ७ कोटी ३५ लाख वॅट, म्हणजे साडेत्र्याहत्तर मेगावॅट. आता विचारावे, कोणतेही यंत्र शंभर टक्के कार्यक्षम नसते. यातली फक्त एक टक्का ऊर्जा उष्णता होऊन शरीरात राहिली तर काय होईल? आतोमुचे वजन ३० किलो धरले आणि त्याचे अंग पाण्याचे बनलेले मानले, तर ३० अंशांवरून १०० अंशांवर जायला त्याला बाराच सेकंद लागतील. महानायकाची खरी अडचण ताकद मिळवण्यात नसून उष्णता बाहेर टाकण्यात आहे. हा निष्कर्ष दहावीच्या मुलाला गणिताने काढता येतो.

एका स्क्रूची किंमत

आता ‘प्लॅनेटिस’. माकोतो युकिमुरा यांची ही चित्रकथा १९९९ ते २००४ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यावरची २६ भागांची मालिका ऑक्टोबर २००३ ते एप्रिल २००४ मध्ये जपानच्या सार्वजनिक प्रसारण वाहिनीवर दाखवली गेली. दिग्दर्शक गोरो तानिगुची. चित्रकथा आणि मालिका दोन्हींना जपानमधील विज्ञानकथांचा ‘सेइउन’ पुरस्कार मिळाला आहे.

काळ इ.स. २०७५. चंद्रावर वस्ती आहे, पृथ्वीच्या कक्षेत प्रवासी वाहतूक चालते. कथानायक हाचिमाकी हा योद्धा नाही, शास्त्रज्ञही नाही. तो सफाई कामगार आहे. एका मोठ्या कंपनीच्या कचरा विभागात तो काम करतो. या विभागाला कंपनीतले लोक ‘अर्धा विभाग’ म्हणून हिणवतात, कारण त्यातून नफा येत नाही. कायद्याने ठेवावा लागतो म्हणून ठेवला आहे. निकामी उपग्रह, तुटके पत्रे, सुटलेले स्क्रू गोळा करणे एवढेच त्याचे काम. सहकारी युरी याची पत्नी काही वर्षांपूर्वी एका प्रवासी यानाच्या अपघातात गेलेली आहे, आणि तो अपघात घडवला होता एका स्क्रूने.

स्क्रूने यान फुटते यावर विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही. तेव्हा गणित करावे. पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तूचा वेग सेकंदाला साडेसात कि.मी.च्या आसपास असतो. दोन वस्तू वेगवेगळ्या दिशांनी येत असतील तर त्यांचा परस्परसापेक्ष वेग १० कि.मी. सहज होतो. स्क्रूचे वस्तुमान १० ग्रॅम धरू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन:

०.०१ × १०,००० × १०,००० ÷ २ = ५,००,००० जूल.

दहा टन वजनाची भरलेली एस.टी. ताशी ३६ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने, येत असेल तर तिची गतिज ऊर्जाही नेमकी ५ लाख जूलच भरते. फरक एवढाच की एस.टी.चा आघात मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो आणि स्क्रूचा नखाएवढ्या जागेत एकवटतो. सूत्रात वेगाचा वर्ग का असतो, हे पाठ करून घेण्यापेक्षा या एका उदाहरणाने जास्त पक्के होते.

कथेतले हे संकट कल्पनेतले नव्हते. डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की, कक्षेतील वस्तूंची गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली तर एका टकरीतून निघालेले तुकडे पुढच्या टकरी घडवतील आणि ही साखळी आपोआप वाढत जाईल. शिमग्याच्या होळीतली ठिणगी शेजारच्या कडब्याच्या गंजीवर पडावी, तिथून पुढच्या, अशातला हा प्रकार. मालिकेत एक सशस्त्र गट ही साखळी मुद्दाम पेटवण्याचा बेत रचतो. मालिका संपल्यानंतरच्या काळात प्रत्यक्षात काय घडले? ११ जानेवारी २००७ रोजी चीनने स्वतःचा एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे माग ठेवता येण्याजोगे तुकडेच तीन हजारांवर गेले. १० फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेचा ‘इरिडियम ३३’ आणि रशियाचा निकामी ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रह सायबेरियाच्या वर, सुमारे ७९० कि.मी. उंचीवर एकमेकांवर आदळले. दोन सबंध उपग्रहांची अशी ही पहिलीच टक्कर. २७ मार्च २०१९ रोजी भारतानेही ‘मिशन शक्ती’मध्ये आपला एक उपग्रह फोडला. उंची सुमारे २८० कि.मी. इतकी कमी निवडली होती, त्यामुळे बहुतेक तुकडे काही आठवड्यांत खाली आले. काही मात्र अधिक उंच फेकले जाऊन बराच काळ फिरत राहिले.

उंचीचा हा मुद्दा नीट समजावून द्यायला हवा, कारण पुस्तकात तो सहसा येत नाही. चारशे कि.मी.वरही हवा अगदीच नसते असे नाही. अत्यंत विरळ का होईना, ती असते आणि फिरणाऱ्या वस्तूला रोज थोडी थोडी अडवते. म्हणून त्या उंचीवरचा कचरा थोड्या वर्षांत गळून पडतो. आठशे कि.मी.वर त्याला शतक किंवा त्याहून अधिक लागते. भूस्थिर कक्षेत, म्हणजे सुमारे ३६,००० कि.मी.वर, तो माणसाच्या हिशेबाने कायमचा राहतो. लाडबोरीचे कडे ज्या टप्प्याचे, तो उपग्रह उंच नेऊन सोडणारा होता. असे टप्पे लांबट लंबवर्तुळात फिरतात. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळून जाताना हवेला घासतात, थोडी ऊर्जा गमावतात, पुन्हा वर जातात. पुढच्या फेरीत तेवढे उंच जात नाहीत. असे करत करत चौदा महिन्यांनी तो टप्पा पाडव्याच्या रात्री आपल्यावरून कोसळला. त्यातला बहुतेक भाग जळाला. ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, टायटॅनिअमला सुमारे १,६७० अंश लागतात. त्यामुळे अशा टप्प्यांची पातळ आवरणे राख होतात आणि दाबाच्या टाक्या, जाड कडी यांच्यासारखे भाग जमिनीपर्यंत पोचतात.

कोणाला लागले असते तर भरपाई कोणी द्यायची? याचेही उत्तर आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर असते. त्याची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले होते. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी हा धागा उचलायला हरकत नाही.

मालिकेचा अकरावा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एल् तानिका नावाच्या एका काल्पनिक गरीब देशातला अभियंता, गावातल्या लहान कारखान्यात बनवलेला अवकाश-पोशाख घेऊन या बड्या कंपनीकडे येतो. पोशाख चांगला आहे, पण ज्या देशाचे नाव कोणी ऐकलेले नाही त्याच्या मालाची साधी चाचणी घ्यायलाही कोणी उत्सुक नाही. पुढे काय होते ते येथे सांगत नाही. एम.आय.डी.सी.च्या शेडमध्ये सुटे भाग बनवणारे ज्यांच्या घरात आहेत, अशा मुलांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शास्त्रीय काटेकोरपणाबद्दल या मालिकेचे कौतुक होते आणि ते रास्त आहे. अवकाशात स्फोट झाला तर आवाज येत नाही, कारण ध्वनीला माध्यम लागते. येथे तो येत नाही, फक्त शिरस्त्राणातला श्वास ऐकू येतो. चंद्रावर जन्मलेली बारा वर्षांची नोनो नावाची मुलगी कमी गुरुत्वामुळे प्रौढ स्त्रीएवढी उंच दाखवली आहे. अंतराळवीरांच्या मणक्यातील चकत्या सैल होऊन त्यांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते हे खरे. पण चंद्रावर अजून एकही मूल वाढलेले नाही, तेव्हा नोनो हा लेखकाचा तर्क आहे एवढेच म्हणता येईल.

एका ठिकाणी मात्र मालिका सरळ सूट घेते. कचरा गोळा करणारे यान आज या तुकड्याकडे, उद्या त्या तुकड्याकडे असे रिक्षा फिरवावी तसे फिरते. कक्षेची पातळी बदलणे फार महाग असते. सेकंदाला साडेसात कि.मी. वेगाने जाणाऱ्या यानाला आपली कक्षा केवळ ३० अंशांनी तिरपी करायची असेल, तर वेगात सेकंदाला सुमारे ३.९ कि.मी.चा बदल करावा लागतो, म्हणजे मूळ वेगाच्या निम्म्याहून अधिक. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने समद्विभुज त्रिकोण काढला तर हे उत्तर त्याला मिळेल. एवढे इंधन त्या छोट्या यानात मावत नाही. प्रत्यक्षातली कचरा-सफाई म्हणूनच इतकी मागे राहिली आहे. २०२४ मध्ये ॲस्ट्रोस्केल या जपानी कंपनीचे यान एका जुन्या जपानी अग्निबाणाच्या टप्प्याच्या सुमारे पंधरा मीटर जवळ गेले आणि त्याची छायाचित्रे त्याने पाठवली. उचलून आणणे हे पुढचे काम. भारताच्या अवकाश संस्थेने २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्पेडेक्स’मध्ये आपली दोन याने कक्षेत एकमेकांना जोडली गेली, ती याच वाटेवरची एक पायरी मानता येईल.

काळाचे अंतर

सापेक्षतेवरचे धडे मुलांना अवघड वाटतात ते सूत्रामुळे नाही. ‘त्यामुळे माणसाचे काय होते’ हे त्यात नसते. मराठीत हे काम जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्येच केले. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती.

जपानमध्ये हाच विषय ‘गनबस्टर’ या सहा भागांच्या चित्रफीत-मालिकेत आला (१९८८-८९, दिग्दर्शक हिदेआकी आनो). वरवर पाहता ती राक्षसी यंत्रमानवांच्या लढाईची गोष्ट आहे. नोरिको ही शाळकरी मुलगी प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या मोहिमांवर जाते. तिच्यासाठी काही महिने जातात. घरी परतते तेव्हा बरोबरीची मैत्रीण दहा वर्षांनी मोठी झालेली असते, तिच्या कडेवर मुलगी असते. प्रकाशवेगाच्या ९९ टक्के वेगाला काळाचे गुणोत्तर सुमारे ७ येते. यानात एक वर्ष तर पृथ्वीवर सात. ९९.९९ टक्के केले तर ७१. शेवटचा भाग जवळपास सगळा कृष्णधवल आहे आणि त्यात अंतर बारा हजार वर्षांवर जाते. मधून मधून पात्रेच ‘विज्ञानाचा तास’ घेतात, तो विनोदी असला तरी उपयोगी आहे. मात्र एक इशारा द्यायला हवा. या मालिकेत मुलींची काही दृश्ये अकारण उघडी आहेत. वर्गात सबंध दाखवू नये. शिक्षकाने पाहावी, गोष्ट सांगावी आणि गणित मुलांकडून करून घ्यावे.

याउलट ‘होशी नो कोए’, म्हणजे ‘ताऱ्याचा आवाज’, हा २५ मिनिटांचा चित्रपट बिनदिक्कत दाखवावा. माकोतो शिनकाई यांनी तो २००२ मध्ये घरच्या संगणकावर जवळपास एकट्याने बनवला. एक मुलगी अवकाश मोहिमेवर निघते, मागे राहिलेल्या मित्राला दूरध्वनीवरून संदेश पाठवत राहते. यान जसजसे दूर जाते तसतसा संदेश पोचायला वेळ लागतो. व्याध ताऱ्यापासून पाठवलेला संदेश साडेआठ वर्षांहून अधिक काळाने पोचतो, कारण व्याध ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. एवढीच कथा. हिवाळ्यात रात्री मुलांना मैदानावर नेऊन व्याध दाखवता येतो. मृगाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की तो सापडतो. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा समोरचा विद्यार्थी कितव्या वर्गात होता, हे प्रत्येकाने आपापले मोजावे.

शंका काढणारा विद्यार्थी म्हणेल, खिशातल्या दूरध्वनीचा संदेश एवढ्या दूर पोचेलच कसा? शंका बरोबर आहे. अंतर दुप्पट झाले की संदेशाची तीव्रता चौथाई होते. ‘व्हॉयेजर १’ हे यान एक प्रकाशदिवससुद्धा नाही इतक्या अंतरावर असताना, त्याचा क्षीण संदेश ऐकायला सत्तर मीटर व्यासाच्या तबकड्या लागत होत्या.

सगळ्या देशाची वीज

देवळीच्या विद्यार्थ्यांना उच्चदाबाच्या तारा दाखवायला सहलीची गरज नाही. येथील पॉवर ग्रिडच्या वर्धा उपकेंद्रातून ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या निघतात आणि शेतांवरून त्यांचे मनोरे चालत गेलेले दिसतात. त्यांच्या संदर्भात आनो यांच्याच ‘इव्हँजेलिअन’ (१९९५) या मालिकेचा एकच भाग, सहावा, उल्लेखनीय आहे. सबंध मालिका मनोविकारांच्या अंधाऱ्या वाटांनी जाते. ती शाळकरी मुलांसाठी नाही. या भागात मात्र एका शत्रूला लांबून भेदण्यासाठी साऱ्या जपानची वीज एका तोफेकडे वळवतात. देश अंधारात बुडतो. मोहिमेचे नाव ‘याशिमा’. बाराव्या शतकातल्या याशिमाच्या लढाईत डोलणाऱ्या नावेवरचा पंखा एका बाणात उडवणाऱ्या धनुर्धराची कथा त्यामागे आहे. जपानचा मत्स्यवेधच म्हणा.

लागणारी वीज सांगितली आहे १८ कोटी किलोवॅट, म्हणजे १,८०,००० मेगावॅट. तुलनेसाठी, ३० मे २०२४ रोजी साऱ्या भारताची विजेची कमाल मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅटवर गेली होती. ७६५ किलोव्होल्टच्या एका वाहिनीवरून साधारण दोन ते अडीच हजार मेगावॅट वीज जाते. तेव्हा त्या तोफेपर्यंत अशा सत्तर ते नव्वद वाहिन्या न्याव्या लागतील. एकाच वाहिनीवरून न्यायची ठरवली तर प्रवाह सुमारे १ लाख ३६ हजार अँपिअर होईल आणि तारा क्षणात वितळतील. पडद्यावर रोहित्रे धडाधड जळताना दाखवली आहेत, ती उगीच नाहीत.

खरी गोम वेगळीच आहे. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झची वीज आहे, पश्चिम भागात ६० हर्ट्झची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, तेव्हापासूनचा हा घोळ. दोन भाग सरळ जोडता येत नाहीत, मध्ये परिवर्तक लागतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपानची वीजकेंद्रे बंद पडली तेव्हा पश्चिमेकडून हजार-बाराशे मेगावॅटपेक्षा जास्त वीज पाठवता आली नाही. त्या वेळी तरुणांनी वीज वाचवण्याची एक चळवळ चालवली आणि तिला नाव दिले ‘याशिमा’. भारतात सगळीकडे ५० हर्ट्झ आहे, तरीही दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकतालात जोडले जायला ३१ डिसेंबर २०१३ उजाडावे लागले; ते घडले रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीमुळे.

महानायकाला काय गमवावे लागते

महानायकांच्या मालिकांत आपल्याकडे सर्वांत कमी पाहिलेली पण पाहण्यासारखी म्हणजे ‘सायबॉर्ग ००९’. शोतारो इशिनोमोरी यांची चित्रकथा १९६४ ची. दूरचित्रवाणीवर ती १९६८, १९७९ आणि २००१ मध्ये वेगवेगळ्या रूपांत आली. ‘सायबॉर्ग’ हा शब्दच तेव्हा नवा होता. माणसाला अवकाशात जगता यावे म्हणून त्याच्या शरीरातच यंत्रे बसवावीत, या कल्पनेसाठी मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी तो १९६० मध्ये बनवला. कथेत शस्त्रास्त्रांचे व्यापारी जगभरातून नऊ माणसे पळवतात, त्यांना मोडतोड करून हत्यारे बनवतात आणि ती नऊजणे त्यांच्यावरच उलटतात. त्यांत एक तान्हे बाळही आहे. शक्ती हे येथे वरदान नाही. ती विचारल्याशिवाय केलेली शस्त्रक्रिया आहे.

नवव्याजवळ अतिवेगाची शक्ती आहे, ध्वनीच्या पाचपट. शून्यापासून एका सेकंदात या वेगाला पोचायचे तर शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे १७० पट भार येईल. शिवाय समोरची हवा दाबली जाऊन तापेल. त्यासाठी सोपे सूत्र आहे: ध्वनीच्या किती पट वेग त्याचा वर्ग करावा, पाचने भागावे, एक मिळवावा आणि हवेच्या निरपेक्ष तापमानाला त्याने गुणावे. पाचाचा वर्ग पंचवीस, भागिले पाच म्हणजे पाच, अधिक एक सहा. ३०० केल्विनची हवा १,८०० केल्विन होते, म्हणजे दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर. अग्निबाणाचा टप्पा परतताना याच कारणाने पेटतो. हवेशी घासल्यामुळे तापतो असे आपण सोपे करून सांगतो, पण मोठा वाटा असतो तो पुढची हवा दाबली जाण्याचा.

या मालेत एक छोटी कथा आहे. नवव्याच्या अतिवेगाचे यंत्र बिघडते आणि तो त्याच अवस्थेत अडकतो. जग त्याच्यासाठी थांबते. रस्त्यावर माणसे पुतळ्यांसारखी उभी, पडणारी वस्तू हवेतच. कोणाला हात लावावा तर त्या वेगाने समोरचा भाजेल. बोलावे तर ऐकणार कोण? शक्तिमानच्या गिरक्यांवर वाढलेल्या पिढीला महानायकाची ही बाजू फारशी कोणी दाखवलेली नाही.

शेवटी एक अलीकडची मालिका. मित्सुओ इसो यांची ‘देन्नो कॉइल’ (२००७, २६ भाग) २०२६ सालची कल्पना करते. मुले चष्मे घालून फिरतात आणि खऱ्या गल्ल्यांवर संगणकाने रचलेले दुसरे गाव त्यांना दिसते: त्यात पाळीव कुत्री आहेत, चोरवाटा आहेत, जुन्या आवृत्तीचे ओसाड कोपरे आहेत. २००८ मध्ये तिला जपानचा मानाचा विज्ञानकथा पुरस्कार मिळाला. सहावी-सातवीच्या मुलांनाही दाखवता येईल अशी या यादीतली हीच एक मालिका. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरे असतात. शिक्षकाने आधी एकदा पाहून ठेवावी आणि दाखवताना मध्ये थांबवून मराठीत सांगावे. एका तासिकेत एक भाग बसतो, चर्चेला दहा-बारा मिनिटे उरतात.